काड्या कमी का पडतात

आमच्या घरात ज्ञान फुकट वाटलं जातं, आणि त्याची लायकीही तेवढीच असते.

मी घरोघरी पार्सल पोचवते, विजेच्या स्कूटरवर. सकाळी एक पाळी, संध्याकाळी पाच ते नऊ दुसरी. दुपारी जेवून मी आत आडवी होते आणि गाडीची बॅटरी बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागते. गाडीच्या पडद्यावर चार्जच्या पाच रेघा दिसतात, आम्ही त्यांना काड्या म्हणतो. पाच काड्यांवर संध्याकाळ निभावते. पण तीन आठवडे झाले, चार वाजता बॅटरी गाडीत बसवून बघावं तर तीनच काड्या. दोनदा गाडी रस्त्यातच बसली आणि पाळी अर्धवट सुटली. कंपनीत अशी तिसरी पाळी सुटली की काम बंद, मग कुणाच्याही पाया पडा. माझ्या दोन झाल्या होत्या.

कारागिराने बॅटरीला मीटर लावला. बॅटरी ठणठणीत निघाली, तरी त्याचं तोंड वाकडंच. "मग तुमच्या घरची वीज कमजोर असेल," म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं.

नवऱ्याचं मत वेगळं. "बॅटरी म्हातारी झाली. यंत्रालाही वय असतं." हे गृहस्थ कचेरीत बसून लोकांच्या अर्जांवर शिक्के मारतात. आयुष्यात त्यांनी उघडलेलं सगळ्यात अवघड यंत्र म्हणजे बाटलीचं झाकण, आणि तेही मी आधी सैल करून दिलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढे म्हणाले, "सोडून दे ना काम. किती दमतेस तू." मी दमते हे त्यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी दिसलं. मला भरून आलं, हेही सांगून टाकते. मूर्खपणा माझ्याही घरी पाणी भरतो.

आज सव्वातीनला तहान लागून उठले. बाहेर सासरे पेपर वाचत बसले होते आणि चार्जरचा दिवा विझलेला होता. बटण बंद. आमच्याकडे येताजाता कोणीही बटणं बंद करतं, त्यामुळे रोज चारला ते बंद दिसलं की मला वाटायचं, बॅटरी भरली म्हणून केलं असेल. पण सव्वातीनला बॅटरी भरत नसते.

"बाबा, हे कोणी बंद केलं?"

"मी. लाल दिवा लागला होता."

"अहो, लाल म्हणजे चार्ज होतंय. भरली की हिरवा लागतो."

"काहीतरीच," ते म्हणाले. सासरे तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते, लाल-हिरव्याच्या बाबतीत ते सुनेचं ऐकणार नव्हते. "लाल म्हणजे बॅटरी तापली. पेट घ्यायच्या आत बंद करायचं. मी रोज दोनला करतो."

"तुम्हाला कोणी सांगितलं असं?"

त्यांनी चष्म्याच्या घरातून घडी केलेला कागद काढून दिला. अक्षर नवऱ्याचं, कचेरीतल्यासारखं एका ओळीत. 'लाल दिवा दिसताच बटण बंद करावे. हिला सांगू नये, उगाच घाबरेल.'

गाडी घेतली तेव्हा तिचं माहितीपुस्तक मला ह्याच माणसाने मोठ्याने वाचून दाखवलं होतं. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे पूर्ण, दोनदा वाचलं होतं. गाडीच्या काड्या कमी पडत होत्या, कारण घरात काड्या करणारा बसला होता. आणि करायला हात वापरले बापाचे. स्वतः बटण दाबायचीही हिंमत नाही.

का, हे कळायलाही मला वेळ लागला नाही. तीन आठवड्यांपूर्वी एक पार्सल त्यांच्याच कचेरीत द्यायचं होतं. दारात हेच उभे, मागे त्यांचे साहेब. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "ठेवा तिथे." घरात अगं-तुगं करणारा माणूस मला 'ठेवा' म्हणाला. मला वाटलं, साहेबांसमोर थट्टा करतायत. मी जिना उतरताना हसतही होते.

सासऱ्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद परत घेऊन घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"फाटकावर तीस वर्षांत मला कोणी खोटा सिग्नल दिला नाही," ते म्हणाले. "तो पोटच्या पोराने दिला. जा, तू तुझं काम चुकवू नकोस."

घड्याळात साडेतीन. बॅटरी घरी लावली तर अर्धा-पाऊण तास, पुढे अर्धा तास गोदामापर्यंतचा रस्ता. तेवढ्यावर पाळी निघणं शक्य नव्हतं. मात्र नवऱ्याची कचेरी गोदामाच्या भिंतीला लागून आहे, आणि तिथल्या पार्किंगमध्ये कर्मचारी व त्यांच्या घरच्यांसाठी चार्जिंगची सोय आहे. ही बढाई त्यांनीच पाहुण्यांसमोर चारदा मारलेली. पाचपर्यंत तिथे, आणि पुढे पार्सलं न्यायला गोदामात परतले की दर वेळी पुन्हा, बॅटरी भरता आली असती. मी चार्जर पिशवीत टाकला आणि निघाले.

चारला तिथे पोचले. चौकीदाराने वही पुढे केली. गाडीचा नंबर आणि कर्मचाऱ्याचं नाव मी लिहिलं. "नातं लिहून सही कर्मचाऱ्याने करायची, बाई," म्हणत त्याने वर फोन लावला.

नवरा खाली आला तो चहाला निघालेल्या दोघा सहकाऱ्यांबरोबर. मला बघून चेहरा पांढराफटक.

"काय काम होतं आपलं?" मला विचारलं. आज तर 'आपलं'!

मी चौकीदाराकडे बघितलं. बोलायची पाळी माझी नव्हती.

"साहेब, गाडी लावायचीय त्यांना," चौकीदार म्हणाला. "तेवढं नातं लिहा."

"ओळखीच्या आहेत आमच्या."

"ओळख चालत नाही, साहेब. नातंच लागतं. नसेल तर गाडी बाहेर काढायला सांगतो."

दोघे सहकारी थांबले होते. माझी संध्याकाळ, माझं काम, सगळं त्या एका रकान्यात अडकलं होतं आणि ते नवऱ्याला ठाऊक होतं. त्यांनी पेन घेतलं, माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग मुंगीएवढ्या अक्षरात त्यांनी काहीतरी लिहिलं आणि सही केली.

चौकीदाराने वही डोळ्यांजवळ नेली. "पत्नी," त्याने अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं वाचलं. "अरे, वहिनी होय! या, या." त्याने स्वतः चार्जरची पिन लावून दिली आणि पुन्हा वहीकडे वळला. "वहिनी, शेवटचा रकाना. आजच्यापुरतं लिहू की कायमचं?"

नवरा घाईघाईने म्हणाला, "कायमचं लिहा."

"आजच्यापुरतं लिहा," मी म्हटलं. "कायमचं माझं अजून ठरलेलं नाही."