बारा भोकांचा पूल

जरा हळू चाला आणि पायाखाली बघा. हो, मीच बोलतोय, पूल. तुम्ही रोज माझ्यावरून जाता. माझ्यावर उभं राहून एकमेकांशी बोलता, भांडता, कधी नुसतेच नदीकडे बघत राहता. पण पुलाशी कोणी बोलत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं.

मी दगडी पूल आहे. मला सात कमानी आहेत आणि नदीत रोवलेले सहा खांब. वय दीडशेच्या आसपास. नक्की साल माझ्या कठड्यावर कोरलेलं होतं, पण लोकांनी त्यावर बसून बसून ते पुसून टाकलं. त्याचा मला राग नाही. आकड्यापेक्षा बसलेलं माणूस बरं.

माझ्या आधी इथे नाव चालायची. नदीला पाणी चढलं की नाव बंद, आणि अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. मग लाकडी पूल झाला. तो अकरा वर्षं टिकला आणि एका दुपारी पुरात निघून गेला. त्याचे दोन खुंट अजून माझ्या पहिल्या कमानीखाली चिखलात आहेत. पाणी कमी झालं की ते डोकं वर काढतात. मी त्यांना आजोबा म्हणतो.

मला बांधणाऱ्या गवंड्याला हाताची आठच बोटं होती. दोन बोटं दगडाखाली गेली होती. मजूर त्याला पाठीमागे आठबोट्या म्हणत आणि त्यालाही ते माहीत होतं. त्याने आधी लाकडाचा कमानीसारखा सांगाडा उभारला. त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक दगड चढवत नेला. डावीकडे एक बसला की उजवीकडे एक बसलाच पाहिजे, नाहीतर सांगाडा कलंडतो. सगळ्यात शेवटी मधला दगड ठोकून बसवला आणि सांगाड्याखालच्या पाचरी हळूहळू काढल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहिलो. कमानीची गंमत अशी की वरून ओझं आलं की तिचे दगड एकमेकांना आणखी घट्ट धरतात. माणसांच्या घरातही काही वेळा असं होतं, हे मी पुढे पाहिलं.

कमानींच्या वर, दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींच्या मधे, माती आणि खडी भरली. त्यावर रस्ता केला. प्रत्येक खांबाच्या वर, भिंतीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना मनगट जाईल एवढं एकेक भोक ठेवलं. अशी एकूण बारा भोकं.

एका मजुराने विचारलं, "एवढा भक्कम पूल बांधायचा आणि त्याला भोकं कशाला?"

"तुझ्या तोंडाला नाक कशाला आहे?" आठबोट्या म्हणाला. "रस्त्यावरचं पाणी आत मुरणार. त्याला वाट ठेवली तर मुकाट जाईल. नाही ठेवली तर स्वतः करून घेईल."

हे वाक्य त्याने कुठे लिहून ठेवलं नाही. इथेच पुढचा घोटाळा झाला.

मग माझे दिवस सुरू झाले. माझ्यावरून बैलगाड्या गेल्या, सायकली गेल्या, मोटारी गेल्या, मग दहा-दहा चाकांचे ट्रक आले. लग्न होऊन गेलेल्या मुली माझ्यावरून गेल्या आणि पहिल्यांदा माहेरी येताना माझ्यावर आल्या की पदर सावरून भराभर चालू लागल्या. एक गोष्ट मला कधी कळली नाही. पुलाच्या मध्यावर आलं की माणसं चालणं मंद का करतात? घाईत असलेला माणूससुद्धा एकदा तरी खाली डोकावतोच. पाणी आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखा.

पुलाची देखभाल करायला एक राखणदार असायचा. त्यांच्यातला शेवटचा माझा सगळ्यात लाडका. अलीकडच्या टोकाला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तो रोज सकाळी माझ्या कठड्यावरून हात फिरवत पलीकडे जायचा आणि दुसऱ्या कठड्यावरून हात फिरवत परत यायचा. दगडांच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं की मुळासकट उपटायचा. त्याची बायको म्हणायची, "माझ्याऐवजी या पुलाशीच लग्न करायचं होतं. सासू तरी नसती मला."

त्यांना एक मुलगी होती. ती फार कमी बोलायची, पण दिसेल ते मोजायची. माझ्यावरची पावलं, कठड्याचे दगड, दिव्यांचे खांब. एकदा तिने बापाला सांगितलं, "बाबा, काल दोनशे चौदा पावलं झाली होती. आज दोनशे नऊ. पूल लहान झाला की मी मोठी झाले?" त्या दिवसापासून सगळे तिला मोजणी म्हणू लागले.

ती आठ वर्षांची असताना बातमी आली की रस्त्यांचे मोठे साहेब पाहणीला येणार. मुकादम घाईघाईने खाली उतरून बघून आला आणि राखणदाराला म्हणाला, "अरे, पूल गळतोय तुझा. सगळ्या खांबांवर हिरवे ओघळ आलेत. साहेबांना हे दाखवणार?"

"पहिल्यापासून गळतोय तो."

"मग पहिल्यापासून कोणी लक्ष दिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

हे राखणदाराच्या मनाला फार लागलं. आपल्या माणसाकडे कोणी बोट दाखवलं की लागतं, तसं. उन्हाळा होता, नदीचं पाणी घोट्याएवढं होतं. त्याने शिडी लावली आणि एकेका खांबावर चढून ओघळ घासून काढले. मग भोकांमध्ये दगडाचे तुकडे ठासले आणि वरून सिमेंट लिंपलं. थापीच्या पाठीने दाबून, गुळगुळीत करून. खांबाच्या डोक्यावर बसायला सपाट जागा असते. तिथे मोजणी बापाला चिकटून बसायची आणि प्रत्येक ओल्या सिमेंटवर आपला अंगठा उमटवायची. "एक झालं. दोन झाली." अशी बारा.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण इतक्या मायेने कोणी आपलं नाक बंद करत असेल तर काय बोलायचं?

साहेब आले. खालून बघून म्हणाले, "वा. इतका जुना पूल आणि कसा कोरडा ठणठणीत." पुढे राखणदाराला एक प्रशस्तिपत्र आलं. त्यात 'पूल कोरडा व स्वच्छ ठेवल्याबद्दल' असं छापलं होतं. त्याने ते चौकटीत बसवून दाराच्या समोरच लावलं. घरात येणाऱ्याला ते न बघता आत जाता येत नसे.

त्यानंतर सव्वीस पावसाळे गेले. दर पावसाळ्यात पाणी माझ्या पोटात उतरायचं आणि तिथेच राहायचं. माती फुगली. दगडांमधला चुना विरघळून गेला. तिसऱ्या कमानीवरची भिंत बाहेर पोट काढू लागली आणि तिला उभी भेग पडली. राखणदार आता निवृत्त झाला होता, पण घर तेच होतं आणि सकाळची फेरीही तीच. भेग दिसल्यापासून त्याचं जेवण कमी झालं.

वरच्या अंगाला नवा सिमेंटचा पूल उभा राहत होता. सरळसोट, बारीक खांबांचा, देखणा. मला त्याचा हेवा वाटला नाही. पण एक दिवस मुकादमाच्या जागी आलेला नवा माणूस सांगून गेला, "जुना पूल पाडायचा विचार चाललाय. दगड मोकळे झालेत. तपासणीचा अहवाल तेवढा यायचा बाकी आहे."

तपासणीला जी इंजिनीअर आली, ती मोजणीच होती.

पाऊस संपून नदी उतरली होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात छोटी हातोडी. ती माझ्या एकेका दगडावर टकटक करायची आणि कान देऊन ऐकायची. मजबूत दगड खणकन बोलतो, सुटलेला दगड बदबद. तिसऱ्या खांबावर ती शिडीने चढली आणि फुगलेल्या भिंतीच्या बुडाशी वाकली. तिथे सिमेंटचा एक गोल चट्टा होता आणि त्याच्या मधोमध एक छोटासा खळगा.

तिने हातमोजा काढला. त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. आता तो मावत नव्हता.

मग ती खांबाच्या डोक्यावर बसली आणि वही काढली. मला तिचं डोकं वाचता येत नाही, पण तिची वही माझ्या दगडावर उघडी होती. त्यावर तिने लिहिलं, 'भिंत फुगण्याचं कारण'. पुढे काही लिहिलं नाही. कारण लिहिलं तर माझं पाडणं टळण्याची आशा होती, म्हणजे मग मी म्हातारा झालेलो नव्हतो, मला नुसतं कोंडलेलं होतं. पण कारण लिहिलं तर दारासमोरच्या त्या चौकटीचं काय? आणि तिच्याखाली रोज चहा पिणाऱ्या माणसाचं काय?

तीन दिवस ती आली, टकटक करून गेली, आणि वहीतली ती ओळ तशीच राहिली.

चौथ्या दिवशी राखणदार चहाचा थर्मास घेऊन कठड्यापाशी आला. "काय सापडलं?"

"काही नाही."

"लहानपणी पेन्सिल हरवली की हाच चेहरा करायचीस."

"बाबा, चहा द्या ना."

"आधी पेन्सिल."

तिने चहा घेतला नाही. बापाला हाताला धरून खाली नेलं, शिडी घट्ट पकडली आणि म्हणाली, "हळू चढा. तिसऱ्या पायरीवर निसरडं आहे." तो चढला. त्याने चट्टा पाहिला, अंगठा पाहिला. मग फुगलेल्या भिंतीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"पाणी आतच राहिलं का गं?" त्याने विचारलं.

"हो."

"सव्वीस वर्षं?"

"हो बाबा."

"आणि मी रोज वरून हात फिरवत होतो." मग तो म्हणाला, "लिही."

"तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ दे. नीट लिही. थापीच्या पाठीने दाबून बसवलंय, तेही लिही. काम कच्चं होतं असं कोणी म्हणायला नको." मग म्हणाला, "फक्त तो अंगठा माझा नव्हता, एवढं सांग."

"माझा होता असं लिहिते," ती म्हणाली. दोघं एकदमच हसली, आणि दोघांनीही डोळे पुसले ते एकमेकांकडे न बघता.

अहवाल वरच्या कचेरीत गेला. तिथून उत्तर आलं की भोकं उघडा, पुढचा एक पावसाळा बघू. भेग वाढली तर पूल पाडायचा, नाही वाढली तर ठेवायचा.

पहिलं भोक राखणदारानेच उघडलं. मोजणी म्हणाली मजूर आहेत, पण त्याने छिन्नी कोणाला दिली नाही. सिमेंट निघालं, ठासलेले दगड ओढून काढले, आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून गढूळ पाण्याची धार आली, लालसर तपकिरी, माती मिसळलेली. ती त्याच्या सदऱ्यावर, गुडघ्यांवर पडत राहिली आणि तो बाजूला झाला नाही. दुपारपर्यंत बाराही भोकं वाहत होती. संध्याकाळी पाणी नितळ झालं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मोजणीने भेगेवर, कठड्यावरून वाकलं की हात पोचेल अशा जागी, आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग केसाएवढी जरी वाढली तरी काच तडकते. ती शहरात गेली आणि काच बघायचं काम बापाकडे आलं. पावसाळाभर तो रोज सकाळी छत्री घेऊन यायचा, कठड्यावरून वाकून पट्टीवर टॉर्च धरायचा, चष्मा पुसून पुन्हा बघायचा. मग घरी जाऊन लेकीला फोन करायचा. "शाबूत आहे."

"जेवलात का?"

"आधी काच, मग जेवण."

त्या वर्षी पाणी खूप आलं. तीन दिवस माझ्या खांबांची डोकी बुडाली आणि पाणी कठड्यापर्यंत उसळलं. चौथ्या दिवशी पूर उतरल्यावर तो आला तेव्हा पट्टीवर चिखल थापला होता. खाली काच आहे की तुकडे, काही कळेना. त्याने खिशातून रुमाल काढला, पण हात पुढे होईना. मागून त्याची बायको आली. "सरा," म्हणाली, आणि पदराच्या टोकाने पट्टी पुसली. काच सबंध होती. त्यात दोघांचे चेहरे दिसत होते.

आता जड गाड्या नव्या पुलावरून जातात. माझ्यावरून पायी माणसं आणि सायकली. म्हातारपणाला साजेसं काम आहे. प्रशस्तिपत्र अजून दारासमोरच आहे. मोजणीने एकदा विचारलं तर राखणदार म्हणाला, "खोटं कुठे आहे ते? तेव्हा कोरडा होताच." अंगठा उमटलेला तो सिमेंटचा तुकडा त्याने खिडकीत ठेवलाय. अहवालाची प्रत वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवायला बरा पडतो, म्हणतो.

तो आता माझ्यावरून हात फिरवत जातो तेव्हा अर्ध्यावर थांबतो, कठड्यावरून वाकतो आणि खाली कान देतो. ठिबक ठिबक ऐकू आलं की पुढे जातो. तो थकलाय. कधीतरी त्याची फेरी थांबेल, मोजणीही लांब असेल, आणि कोणीतरी स्वच्छतेची आवड असलेला माणूस खाली उतरून हिरवे ओघळ बघेल. आठबोट्याने जे लिहून ठेवलं नाही, ते म्हणून मी तुम्हाला सांगून ठेवतोय.

तो माणूस म्हणेल, पूल गळतोय. तुम्ही त्याला सांगा, गळू दे.

जा आता. घरी वाट बघत असतील.