तीन नंबरची तारा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही वर्गात बसला आहात. बाईंनी हाक मारली, "तारा!" आणि तीन मुली एकदम उभ्या राहिल्या. सगळा वर्ग हसला. आता समजा, त्या तिघींतली शेवटच्या बाकावरची तारा तुम्हीच. गोंधळ नको म्हणून बाई तुम्हाला 'तारा तीन' म्हणतात. मधल्या सुट्टीत मुलं तर नुसतंच 'ए तीन' म्हणतात.

आमची ही तारा एक दिवस अगदी रडकुंडीला आली. बाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं. तारा म्हणजे चांदणी, संस्कृतातला फार जुना शब्द. लहान, सोपा, तोंडात बसणारा, म्हणून तर घरोघरी आवडतो. तरीही नको असेल, तर हाक मारायला दुसरं नाव उद्या सांग, म्हणाल्या.

घरी येऊन तारानं वहीत ठसठशीत 'स्वप्नगंधा' लिहिलं आणि आईसमोर धरलं. आई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती.

"कुणी प्रेमानं नाव ठेवलं, आता तू त्याला नावं ठेव," आई हसली. मग मशीन थांबवून तिनं एक गोष्ट सांगितली.

जन्मली तेव्हा तारा मूठभर होती. वजन भरेपर्यंत तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बारसं न झालेल्या बाळांना तिथे पेटीच्या नंबरावरून ओळखत. तारा होती 'तीन नंबर'. घाबरलेल्या आईबाबांना नावाचं सुचतच नव्हतं. तिथल्या आयामावशींना मात्र हे पटेना. त्या संध्याकाळच्या पाळीला येत, तेव्हा खिडकीतून पहिली चांदणी दिसे. एकदा त्यांनी पेटीवरच्या चिठ्ठीतल्या तिनावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, तारा.

"डॉक्टरीणबाई रागावल्या त्यांना," आई म्हणाली. "तर मावशी म्हणतात कशा, 'नंबर पेटीचा आहे, बाई. पोरीला जगायचंय, तिला हाक नको मारायला?'"

तारा बराच वेळ अभ्र्याच्या शिवणीवरून बोट फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवं नाव विचारलं. "ताराच," ती म्हणाली, "फक्त तीन नको."

मग मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन पहिल्या बाकावरच्या ताराकडे गेली, तिला सरकायला लावून शेजारी बसली आणि विचारलं, "तुझं नाव कुणी ठेवलं गं?"