तुळसाच्या केसांचं गंगावन

लालबागच्या एका चाळीत तुळसा नावाची बाई राहायची. नवरा गिरणीत, अन् पोटी एकच लेक, मालन, नाटकाची वेडी. मी त्या तुळसाच्या केसांचं गंगावन बोलतंय.

विंचरताना गळलेले केस बाया दारावर येणाऱ्या केसवालीला देऊन टाकायच्या. तुळसानं ते साठवले आणि लेकीसाठी मला वळलं. मालनची वेणी उंदराच्या शेपटीएवढी ना! मला गुंफून ती गणपतीतल्या नाटकात उभी राहिली. मग परळ, दादर, गिरगाव. तिसरी घंटा झाली की तिची मान ताठ व्हायची, ते पहिलं मला कळायचं.

पुढे मालिका आल्या, सिनेमे आले. तिकडे विग असतात. मग तर ती स्वतः नाटकं बसवू लागली, आणि मी बिस्किटांच्या डब्यात गेलं. तिची पोर अनुजा आजीजवळ वाढली. आम्हा दोघांनाही मालन सणासुदीला दिसायची.

तुळसा गेली त्या दिवशी अनुजा ओक्साबोक्शी रडत होती. मालनच्या तोंडून सवयीनं निघालं, "मान वर कर गं, चेहरा दिसत नाहीये."

"मम्मी, ही तालीम नाहीये," अनुजा म्हणाली. अन् अँटॉप हिलला सासरी गेली ती पुन्हा इकडे फिरकली नाही.

तेव्हापासून मालन चाळीतल्या त्या खोलीत एकटीच भिंतीशी संवाद म्हणायची. पुढचं वाक्य द्यायला कुणी नाही. मी डब्यातून ऐकायचं.

परवा जावयाचा, विनीतचा, फोन आला. "आई, अनुजा सांगू नको म्हणते. पण सातवा लागलाय. रविवारी डोहाळजेवण आहे."

रविवारी मालनच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग! आदल्या रात्री ती येरझाऱ्या घालत होती. सकाळी मदतनिसाला म्हणाली, "सुशांत, नारळ तूच फोड रे." आणि मला डब्यातून काढलं.

अँटॉप हिलला दार अनुजानंच उघडलं.

"आज प्रयोग नाही?"

"आहे."

"मग?"

एवढी नावाजलेली बाई, पदरात तोंड खुपसून, शेंबूड पुसत रडली. स्टेजवर अशी रडली असती तर लोक हसले असते.

अनुजा दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आत ये. फुलांची वेणी घालायचीय, अन् माझे केस हे एवढेसे."

आता मी अनुजाच्या पाठीवर आहे, मोगऱ्यानं गारेगार. पलीकडे मालनचा फोन सारखा वाजतोय. माझी एकच विनवणी आहे, आज तरी मालनला कुणी बोलावू नका. तिचे दोन्ही हात लेकीच्या वेणीत गुंतलेत.