चार बोटं तोकडा पडलेला जिना

मित्रांनो, हे कोणी खरं मानणार नाही. तुम्हीही मानू नका. मला त्याची सवय आहे. पण नाशिकमधल्या हायवेलगतच्या एका तीन मजली शॉपिंग सेंटरचं उद्घाटन ज्या कोणी पाच महिने अडवून धरलं, बेचाळीस दुकानांची शटरं ज्या कोणी हवेत लटकवली आणि भल्या मोठ्या साहेबाला ज्या कोणी साइटवरून पळता भुई थोडी केली, ती मी. एकटीनं केलं. कुणाची मदत नाही, कुणाचा हात नाही. माझं वजन म्हणाल तर आतल्या पाण्यासकट दोन किलोसुद्धा भरणार नाही.

मी एक जुनी लेव्हलची नळी आहे. करंगळीएवढी जाड, प्लॅस्टिकची. जन्मले तेव्हा चाळीस हात होते, आता साडेसदतीस आहे. मधले अडीच हात कुठे गेले, तेच तर सांगायचं आहे. माणसं जमिनीवरून भांडतात, मी अंगावरून भांडले.

भद्रकालीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात माझं वेटोळं खिळ्याला टांगलेलं होतं. सावळीराम मिस्त्रींनी मला खाली उतरवलं, एका टोकाला तोंड लावून फुंकर मारली, दुसऱ्या टोकाला बोट धरून वारा येतो का ते पाहिलं आणि म्हणाले, "ही बरी हाय." बावीस वर्षं झाली त्याला. सावळीराम कळवणकडचे. एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं त्यांच्या बायकोच्या, बयाबाईंच्या हातात. माझ्यात पाणी भरायचं, दोघांनी दोन भिंतींपाशी उभं राहायचं, की पाणी दोन्हीकडे अगदी सारख्या उंचीवर उभं राहतं. इकडची खूण तिकडे जशीच्या तशी जाते. मला वीज लागत नाही, सेल लागत नाही, इंग्रजी तर मुळीच लागत नाही.

आणि माझी लेव्हल म्हणजे काय! आडगावला एका घराच्या पायाची खूण काढताना घरमालक इतक्या जोरात शिंकले, की शेजारच्या विहिरीचं पाणी काठावरून सांडलं. माझ्यातलं सूतभर हललं नाही. सातपूरच्या शेडपासून पाथर्डी फाट्याच्या बंगल्यांपर्यंत अर्धं नाशिक मी सरळ उभं केलं आहे. मी नसते तर गाव केव्हाच उतरंडीसारखं गोदावरीकडे घरंगळलं असतं. लोक म्हणायचे, "सावळीरामची नळी लावली ना? मग बघायचं काम नाय." असं कौतुक ऐकलं की माझ्यातलं पाणी उगाचच चमकायचं.

मग ते शॉपिंग सेंटर आलं.

तिथे कामावर देखरेखीला सोमनाथसाहेब होते. कामाचे सगळे दिवस त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर एका लांबलचक तक्त्यात रंगवून ठेवले होते. हिरवी पट्टी म्हणजे झालेलं काम, पिवळी म्हणजे चालू, लाल म्हणजे रखडलेलं. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं 'दसरा – उद्घाटन'. साहेब माणसांकडे बघून बोलत नसत, तक्त्याकडे बघून बोलत. सावळीराम तिथे गवंड्यांचे मुकादम म्हणून लागले. पायापासून पहिल्या स्लॅबपर्यंत प्रत्येक खांबावर त्यांनी माझ्याकडून खुणा काढल्या. साहेबांची लेव्हल बघायची लाल दिव्याची मशीन मागाहून येऊन त्या तपासायची आणि मुकाट्याने मान डोलवायची.

तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडे स्लॅब भरताना पहिला नारळ मिस्त्री फोडतो. मालक त्याला टॉवेल-टोपी देतो. फार मोठी गोष्ट नाही. पण गवंड्याच्या जन्मात त्याच्या नावाने टाळ्या वाजतात त्या तेवढ्याच. स्लॅबच्या सकाळी सावळीराम इस्त्रीचा सदरा घालून आले. बयाबाईंनी डोक्याला तेल लावलं होतं. दोघं नारळाजवळ जाऊन उभे राहिले. सोमनाथसाहेबांनी नारळ उचलला आणि काँक्रीटच्या पंपवाल्याच्या हातात दिला. टोपीही त्यालाच घातली. मोबाइल पुढे धरून ते म्हणाले, "मामा, जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय."

सावळीराम बाजूला झाले.

मी त्यांच्या खांद्यावर वेटोळं घालून होते. माझ्या अंगाखालचा तो खांदा मला कळला. तो खाली गेला, चांगला दोन बोटं. माणसाची लेव्हल मला मोजता येते, मित्रांनो. त्याच क्षणी मी ठरवलं, की या साहेबाला सोडायचं नाही.

तरीही मी गप्प राहिले असते. पण चार दिवसांनी जनरेटरमधलं डिझेल काढायला कुणाला नळी मिळेना. साहेबांची नजर माझ्यावर पडली. "ही कापा की. आता मशीन आहे, हा साप कशाला सांभाळताय?" बयाबाई धावत आल्या. "साहेब, आवो ती लेव्हलची हाय! डिझेल लागलं तर वाया जाईल!"

"मावशी, म्युझियम नाही हे," साहेब म्हणाले.

करवतीच्या पात्यानं माझे अडीच हात कापले गेले. त्या तुकड्याच्या तोंडी डिझेल गेलं आणि उरलेल्या मला बयाबाईंनी पदरात गुंडाळून घेतलं. त्याच आठवड्यात सावळीरामचं मुकादमपण गेलं. हजेरीवर त्यांच्या नावापुढे 'मिस्त्री' खोडून 'पाणी मारणे' असं लिहिलं गेलं. ज्या माणसानं इमारतीची उंची ठरवली, तो सकाळ-संध्याकाळ होजपाइप धरून तिच्या भिंती भिजवत बसला. नवे पोरगे गवंडी त्याच्या अंगावरून थापी नाचवत जायचे आणि म्हणायचे, "बाबा, इकडं बी शिंपडा थोडं, लय गरम होतंय!"

पाणी सगळं विसरतं, म्हणून ते वाहतं. नळी विसरत नाही. मी खुंटीवर पडून दिवस मोजत होते.

आणि दिवस आला. वरच्या मजल्यावर सरकत्या जिन्याचं वरचं टोक जिथे टेकायचं, त्या तुळईची उंची ठरवायची होती. हा जिना इथे बांधत नाहीत, मित्रांनो. तो कारखान्यात मापानं तयार होतो आणि आख्खाच्या आख्खा ट्रेलरवर झोपून येतो. त्याला ओढून लांब करता येत नाही, दाबून आखूडही करता येत नाही. तुळई चुकली तर सगळं चुकलं. आणि नेमकी त्याच दिवशी लाल दिव्याची मशीन दुरुस्तीला पुण्याला गेलेली! दुपारी काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. तक्त्यातली पिवळी पट्टी लाल व्हायच्या बेतात होती.

साहेब स्वतः पाणी मारण्याच्या जागी आले. "मामा, तुमची ती नळी आहे का अजून? एवढी एक खूण काढून द्या ना पटकन."

सावळीरामनी होजपाइप खाली ठेवला. बयाबाईंनी मला घरून आणलं, बादलीतलं पाणी भरलं. सावळीराम खांबावरच्या जुन्या खुणेपाशी उभे राहिले, बयाबाई माझं दुसरं टोक आणि पेन्सिल घेऊन तुळईच्या फळीपाशी गेल्या.

आता ऐका माझी करामत! पाणी भरताना मी एक बुडबुडा गिळला. चांगला चार बोटांचा. लोक बुडबुड्याला भितात ते उगाच नाही. तो नळीच्या उभ्या भागात जाऊन बसला, की त्या बाजूचं पाणी तेवढंच वर चढून दिसतं. मी तो बुडबुडा पोटातून सरकवत सरकवत बयाबाईंच्या बाजूला नेला, उभ्या भागात बसवला आणि श्वास कोंडून धरला. पाऊण तास! अंग निळं पडलं माझं. खूण चार बोटं वर लागली. साहेबांनी खुणेकडे पाहिलंही नाही. हातातल्या टॅबवर 'लेव्हल मशीनने तपासली' या ओळीपुढे बरोबरची खूण केली, सही केली आणि म्हणाले, "चला, भरा!"

काँक्रीट पडलं. आठ दिवसांनी दगड झालं. मी खुंटीवर हसत होते.

नवरात्राच्या तोंडावर जिना आला. दोन क्रेननी तो उचलला. खालचं टोक बरोबर बसलं. वरचं टोक तुळईपाशी गेलं आणि तिच्या चार बोटं खाली हवेत थांबलं. क्रेनवाला वरून ओरडला, "साहेब, तोकडा पडतोय!" साहेब म्हणाले, "अजून थोडा घे." तो म्हणाला, "घेऊ कुठून? आभाळातून?"

पुढचं तर आणखी गमतीचं. तुळई फोडायची तर स्लॅबला धक्का, म्हणून जिन्याचं खालचं टोक चार बोटं उचललं. ते उचललं तर गिऱ्हाईक ठेचकाळणार, म्हणून तळमजल्याची सगळी फरशी चार बोटं उचलली. फरशी उचलली तर बेचाळीस दुकानांची शटरं जमिनीलगतच्या कडीच्या चार बोटं वरच अडकली. एकालाही कुलूप लागेना. भिंतीवरचा तक्ता इतका लाल झाला, की म्हणे एक बैल बुजून थेट देवळालीपर्यंत पळत गेला.

मालकांनी साहेबांना सगळ्यांपुढे विचारलं, "खूण कुणी काढली?"

"त्या सावळीरामने," साहेब म्हणाले.

मालकांनी हजेरी मागवली. "हा तर पाणी मारायला आहे. पाणी मारणाऱ्याकडून तुळईची खूण काढून घेतली? आणि इथे मशीनने तपासली म्हणून सही कोणाची?"

सोमनाथसाहेब तक्त्याकडे बघत राहिले. बोलायला तिथे एकही चौकोन रिकामा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची उचलली गेली. जाताना ते फाटकापाशी थांबले, गाडीला वाट नव्हती म्हणून. तेव्हा कुणीतरी म्हणालंच, "साहेब, जरा बाजूला व्हा. ट्रॉली येतेय."

अहाहा! अडीच हात अंग गेल्याचं दुःख माझं त्या एका वाक्यानं गेलं.

मग त्यांच्या जागी तेजलमॅडम आल्या. त्यांनी जुनी हजेरी वाचली, जुन्या खुणा मोजल्या, सावळीरामना परत मुकादम केलं. पाच महिन्यांनी उद्घाटन ठरलं. मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या. ओट्यावर बसून म्हणाल्या, "मिस्त्री, नारळ तुम्ही फोडायचा. टॉवेल-टोपी मी आणलीय. नाही म्हणू नका."

एवढं सगळं मी मिळवून दिलं. पण बघा माणसाची तऱ्हा! उद्घाटनाच्या सकाळी सावळीराम खाटेवरून उठलेच नाहीत. "पोट बिघडलंय," म्हणाले. बयाबाईंनी चहा दिला, तो मात्र प्याले. नारळ दुसऱ्याच कुणीतरी फोडला. टॉवेल-टोपी अजून पिशवीतच आहे. त्या सेंटरच्या रस्त्यानं जायची वेळ आली तर सावळीराम लांबचा फेरा घेतात. का ते मला काही कळत नाही. सूड मी घेतला, पाप असेल तर माझं. त्यांनी ताठ मानेनं जायला काय हरकत होती?

असो. आता मी खुंटीवर असते. नव्या मशीन आल्या, मला कोणी बोलावत नाही. तुम्ही पोरं अंगणात जमता, म्हणून एवढं तरी बोलले. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा. जुनी वस्तू असो की जुनं माणूस, त्याला 'बाजूला हो' म्हणू नका. त्याला कापू नका, त्याचं नाव खोडू नका. मुकी वस्तूसुद्धा हिशेब चुकता करते. मी केला. एकटीनं, कुणालाही न कळता, तो बुडबुडा पोटात लपवून...

"खोटं!"

ओसरीवर बयाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं. खाटेवरच्या सावळीरामनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पोरांना खोटं नको सांगू, नळे. तू काय लपवणार? तुझं पोट आरपार दिसतं. बुडबुडा माझ्या नाकासमोर व्हता. मी ह्यांना हाक मारली, 'आवो, हवा हाय नळीत, पाणी ओतून परत भरू.' हे तिकडनं म्हनले, 'मला बी दिसतीय. तू खूण कर.' आन् मी केली."