चार बोटांचे अंतर

मी एक जुना दुहेरी तापमापक आहे. एका लाकडी फळीवर माझ्या काचेच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत. डावी नळी उघडी असते. उजवीच्या बुडाशी मलमलची चिंधी गुंडाळलेली असते आणि चिंधीचे टोक खालच्या पाण्याच्या वाटीत सोडलेले असते. पाणी वाळताना गारवा येतो, म्हणून माझा उजवा पारा डाव्यापेक्षा खाली राहतो. हवा जितकी कोरडी, तितका तो अधिक खाली. माझे आकडे जुन्या फॅरनहाइट अंशांचे आहेत. मित्रांनो, माझी सगळी विद्या एवढीच.

कलकत्त्यातील एका कारखान्यात माझी काच फुंकली गेली. १९५३ साली मी भुशात गुंडाळून रेल्वेने वाशीमला आलो आणि तिथून बैलगाडीने मेडशीजवळच्या एका जंगल नाक्यावर पोहोचलो. नाक्याचे नाकेदार, म्हणजे वनरक्षक, होते बबनराव. त्यांनी मला व्हरांड्यात, सावलीच्या भिंतीवर टांगले.

नाक्यावर पाणी भरायला जवळच्या तांड्यातली रामीबाई येत असे. माझी वाटीही तीच भरायची. पहिल्याच उन्हाळ्यात बबनरावांनी तिला समजावले, "रामीबाई, ही वाटी कोरडी पडू देऊ नका. या दोघाईत पस्तीसच्या वर फरक पडला, की रानातला पाचोळा बारूद झाला समजा."

"मले कुठी आकडे वाचता येते?" रामीबाई म्हणाली. मग तिने दोन्ही पाऱ्यांच्या मध्ये बोटे आडवी लावून पाहिली. "चार बोटं. एवढं अंतर पडलं की लाल झेंडी. बरोबर?"

"बरोबर. अन् भर उन्हात दुपारी हा ओला पारा सरसर वर चढाले लागला, त वादळ जवळ आलं समजा. मंग वारा कोणीकडं तोंड करन, काई सांगता येत नाई. आगीपाशी माणसं असतीन त त्याइले जळल्या जागेत उभं करा. तिथं आगीले खायाले काई उरलं नसते."

तांड्यातली माणसे चैत्रात मोहफुले वेचत. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची त्यांची पद्धत होती. नाक्यावर लाल झेंडी दिसली की मात्र कोणी काडी ओढत नसे. चार उन्हाळे असेच गेले. आजूबाजूची राने जळाली, आमचे राहिले. तांड्याचा नायक खेमा एकदा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "हे काचेचं पोर्गं लई हुशार हाये." ते ऐकून मला बरे वाटले होते, हे कबूल करतो.

१९५७ च्या फेब्रुवारीत बबनरावांची बदली झाली. त्यांच्या जागी फुलचंद नावाचे नाकेदार आले. माणूस वाईट नव्हता. रोज दुपारी दोन वाजता ते माझे दोन्ही आकडे न चुकता नोंदवहीत उतरवत. पण वाटीकडे त्यांचे कधी लक्ष गेले नाही, कारण वाटी नेहमी भरलेलीच असे.

एप्रिलमध्ये रामीबाई बहिणीच्या घरचे लग्न म्हणून कामरगावकडे गेली आणि दहा-बारा दिवस तिकडेच राहिली. दोन दिवसांत वाटी आटली, चिंधी वाळून कडक झाली. आता माझ्या दोन्ही नळ्या कोरड्याच होत्या, म्हणून दोन्ही सारखाच आकडा दाखवू लागल्या. एकशे पाच आणि एकशे पाच. फुलचंदांनी लिहिले, 'फरक शून्य.' झेंडी लागली नाही. हवा दमट आहे, भीती नाही, असे मी सांगत होतो आणि बाहेर रान कडकडत होते. मला ओरडता येत नव्हते.

रामीबाई परत आली ती दुपारीच. व्हरांड्यात पाऊल टाकताच तिने बोटे लावायला हात वर केला, आणि बोटे लावायला मध्ये जागाच नव्हती.

"नाकेदारभाऊ, हे दोघंई एकच कायले दाखवून राह्यले? वाटीत पानी कुठी हाये?"

तिने घागरीतले पाणी ओतले, चिंधी भिजवली आणि पदराने वारा घातला. माझा उजवा पारा उतरू लागला. नव्वद, ऐंशी, सत्तर. सदुसष्टवर थांबला. फुलचंदांनी मनात वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अडतीस," ते हळूच म्हणाले. "झेंडी लावा."

तोवर मोहाच्या झाडांमधून धूर वर चढला होता. झेंडी नाही हे पाहूनच रामीबाईचा दीर उदयसिंग आणि आणखी सात जणांनी पाचोळा पेटवला होता. पश्चिमेच्या वाऱ्याने आग पूर्वेला धावत सुटली. फुलचंद निघताना म्हणाले, "तुमी इथंच राहा. या पाऱ्यायवर नजर ठेवा." आणि ते आगीकडे धावले.

रामीबाई माझ्यासमोरून हलली नाही. तासाभराने माझा उजवा पारा चढू लागला. चार बोटांची तीन झाली, मग दोन. हवा कोंडली, झाडाचे पान हलेनासे झाले. दक्षिणेला काळे ढग उभे राहिले होते. तिने घागर तिथेच टाकली आणि धावत सुटली.

पुढचे मी पाहिले नाही. ते उदयसिंगने नंतर व्हरांड्यात बसून सांगितले. सगळे जण आगीच्या उत्तर बाजूला, उभ्या वाळल्या गवतात, हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत होते. रामीबाई लांबूनच हाका मारत आली, "जळल्या जागेत या. वादळ येऊन राह्यलं, वारा फिरते."

"तिथं पाय भाजतीन," उदयसिंग म्हणाला.

"पायच भाजतीन," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून त्याला निखाऱ्यांतून ओढत आत घेऊन गेली. बाकीचे मागे गेले. फुलचंद सर्वांत शेवटी आले. ते आत शिरले आणि दक्षिणेकडून वाऱ्याचा लोट आला. आग वळली. क्षणापूर्वी जिथे माणसे उभी होती, तिथले गवत एका दमात पेटले. थोड्या वेळाने विजा कडाडल्या, गारा आणि पाऊस कोसळला आणि आग विझली.

माणसे वाचली. पण उदयसिंगचे तळपाय असे भाजले, की दोन महिने तो काठी टेकत चालला. मोहाची बरीच झाडे गेली.

चौथ्या दिवशी वरचे साहेब चौकशीला आले. आग लावणाऱ्यांवर खटला भरायचा, असे त्यांचे मत होते. उदयसिंग पायांना फडकी गुंडाळून अंगणात बसला होता. फुलचंदांना गप्प राहणे सोपे होते. नोंदवहीत शून्य लिहिलेले होते, आणि ते त्यांनी जसे दिसले तसेच लिहिले होते.

"साहेब," ते म्हणाले, "या लोकायनं झेंडी नाई हे पाहूनच काडी ओढली. झेंडी मी लावली नाई. वाटी कोरडी होती, अन् मी ती पाह्यली नाई."

"हे लिहून द्याल?" साहेबांनी विचारले.

त्यांनी लिहून दिले. खटला झाला नाही. फुलचंदांची बढती मात्र लांबली. साहेबांची गाडी गेल्यावर त्यांनी रामीबाईला चिंधी कशी बांधायची ते दाखवायला सांगितले. तिने दोनदा बांधून दाखवली, तिसऱ्यांदा त्यांच्याकडून बांधून घेतली.

मित्रांनो, आता माझ्या काचेवरचे आकडे पुसट झाले आहेत. माझी आठवण ठेवा, असे माझे म्हणणे नाही. पण तुमच्या हाती एखादे मोजण्याचे साधन आले, तर त्याचा आकडा लिहिण्याआधी त्याला हवे ते मिळाले आहे का, एवढे पाहा. काळजी घेतली नाही म्हणून मी त्या दिवशी बंद पडलो असतो, तर फुलचंदांना निदान शंका आली असती. मी चालू होतो आणि चुकीचे सांगत होतो. आठ घरची माणसे माझ्यावर विश्वास ठेवून रानात गेली होती.