पुढची सीट

सुशील मेश्राम गाडी बघायला गेला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

इंदोरा चौकाजवळ प्रीतमचं गॅरेज होतं. दुरुस्तीबरोबर तो जुन्या मोटारसायकलीही विकायचा. सुशीलसाठी त्यानं एक साधी, शंभर सीसीची, लांब सीटची गाडी पुसून बाहेर काढून ठेवली होती. "बसून पाहा काका," तो म्हणाला. सुशीलनं पाय टाकला, मागे सरकला, उजव्या हातानं मागची दांडी धरली आणि समोर बघू लागला. समोर कोणी नव्हतं.

प्रीतमला हसू आलं, पण सुशीलचं तोंड बघून त्यानं ते आवरलं.

"बाबा, समोर बसा ना," रितिका म्हणाली.

"हो, हो." सुशील उतरला. पुन्हा पाय टाकला. पुन्हा मागेच बसला.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण त्यानं आयुष्यात गाडी चालवली नव्हती. चालवायची त्याची बायको, भागीरथा. ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. ड्युटीसाठी तिनं आधी लुना घेतली, मग स्कूटी, मग दुसरी स्कूटी. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुशीलनं लुना हाती घेतली आणि शेजाऱ्याच्या कुंपणात घातली. भागीरथा पोट धरून हसली आणि म्हणाली, तुम्ही आपले मागेच बसा. तो बसला. एकतीस वर्षं बसला. तो कळमन्याच्या बाजारात मापारी होता, धान्याची पोती तोलायचं काम. सकाळी सहाला भागीरथा त्याला बाजाराच्या गेटवर सोडायची आणि मग दवाखान्यात जायची. गेटवरची चहावाली जिजाबाई रोज ओरडायची, "आलं वं बाईचं पार्सल!"

चार महिन्यांपूर्वी भागीरथा गेली. दुखणं जेमतेम आठ दिवसांचं.

तेव्हापासून सुशीलला घरात बसवत नव्हतं. उठायचा, फाटक उघडायचा, रस्त्यावर बघायचा, फाटक लावायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. पहाटे ऑटो मिळायचा नाही, म्हणून बाजारात कधी चालत जायचा, कधी कोणाला हात दाखवायचा. लोकांनी दोन महिने नेलं, मग त्यांचेही रस्ते बदलले. तो उशिरा पोहोचायला लागला. उशिरा येणाऱ्या मापाऱ्यासाठी बाजार थांबत नाही.

रितिका पुण्याहून पंधरा दिवसांची रजा काढून आली होती. आल्या आल्या तिनं सांगितलं, "रविवारची दोन तिकिटं काढली आहेत. तुम्ही माझ्यासोबत चला. नाहीतर एकट्यानं जाणंयेणं जमते, हे मले दाखवा. मग एक रद्द करते."

"पुण्यात मी काय करू? तिथं काय तोलू?"

"म्हणून तर म्हणते, आईची स्कूटी शिका."

स्कूटी अंगणातच होती. सुशील ती रोज सकाळी पुसायचा. एकदा फाटक लावून, कोणी बघत नाही हे पाहून, तो तिच्या पुढच्या सीटवर बसलाही होता. तिथं फोम दबलेला होता, भागीरथाच्या बसण्याचा. तो असा उठला की स्टँडसकट स्कूटी हलली. हे त्यानं रितिकाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "ती नको. दुसरी पाहू."

म्हणून ते प्रीतमकडे आले होते, आणि सुशील मागच्या सीटवर बसला होता.

दुसऱ्यांदा उतरल्यावर त्याला गॅरेजच्या कोपऱ्यात एक लाल गाडी दिसली. दीडशे सीसीची, पोरं कॉलेजला नेतात तशी. पुढची सीट खोल, वाटीसारखी. मागची सीट वेगळी, वीतभर उंच आणि एवढीशी, जणू कोणी बसूच नये म्हणून केलेली. मागे धरायला दांडीही नव्हती.

"ही पाहू का?"

"काका, ते स्पोर्ट बाइक होय गा," प्रीतम म्हणाला. "झुकून चालवा लागते. कंबर धरते."

"बाबा, काहून मस्करी करून राहिले? लोक काय म्हणतील?"

"लोक एकतीस वर्षं म्हणूनच राहिले," सुशील म्हणाला. "किती किलोची आहे?"

आजवर कोणा गिऱ्हाईकानं प्रीतमला गाडीचं वजन विचारलं नव्हतं. सगळे मायलेज विचारत. त्यानं डोकं खाजवलं. "एकशे चाळीसच्या आत."

"म्हणजे पन्नास किलोची तीन पोती बी नाही." सुशीलनं हँडल धरून गाडी स्टँडवरून उचलली, जराशी डावीकडे कलती केली, जराशी उजवीकडे, जसं पोतं काट्यावर ठेवण्याआधी तो हलवून बघायचा. "पोत्याचं वजन खाली बसते. हिचं मधात आहे. सांभाळता येईल."

मग त्यानं पाय टाकला. मागची सीट आडवी आली, मागे सरकायला जागाच नव्हती. गाडीनं त्याला पुढं बसवलं. हात आपोआप हँडलवर गेले.

लाल गाडीच ठरली. घरी येताना रितिका म्हणाली, "रविवार लक्षात आहे ना?"

लर्निंग लायसन्स निघालं. रितिकाकडे पक्कं लायसन्स होतं, पण तिला गिअरची गाडी येत नव्हती, म्हणून बुधवारी प्रीतम स्वतः घरामागच्या मैदानावर आला. क्लच, गिअर, ब्रेक. सुशीलला ते लवकर आलं, जितकं कोणाला वाटलं नव्हतं तितकं. हातांना वजनाची सवय होती. गाडी दोन-तीनदा बंद पडली, मग सरळ चालू लागली. मैदानाला एक फेरी, दोन फेऱ्या. प्रीतम ओरडला, "थांबवा आता!"

सुशीलनं ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मग दोघंही, गाडी आणि सुशील, हळूच डावीकडे आडवी झाली.

"काका, पाय गा! पाय खाली टाका!"

"टाकतो ना."

दुसऱ्यांदा थांबवली. दुसऱ्यांदा आडवी. गाडी उभी राहिली की सुशीलचे दोन्ही पाय वरच, नीट, जागच्या जागी, समजूतदार माणसाचे असावेत तसे. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कोपर सोललं. रितिका धावत आली. "बाबा, तुम्ही पाय काहून टेकवत नाही? मुद्दाम करून राहिले का?"

सुशील मातीतच बसला. कोपरावर फुंकर घातली.

"तुह्या आईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "सिग्नलवर मी पाय खाली सोडायचो, तर गाडी डोलायची. ती म्हणे, तुम्ही पाय वरच ठेवा, मी आहे टेकवायले."

प्रीतम गाडीचा आरसा उगाच पुसत बसला.

त्या दिवशी आणखी फेऱ्या झाल्या नाहीत. पण सुशीलला झोपूनही राहवेना, बसूनही राहवेना. तो खुर्चीत बसला की डावा पाय उचलायचा आणि खाली टेकवायचा. जेवताना टेकवायचा. फाटकापाशी उभा राहून टेकवायचा. गुरुवारी पुन्हा मैदान, पाच वेळा थांबला, दोनदा पडला. शुक्रवारी रितिका म्हणाली, "मी मागे बसते."

"ते सीट बसायसारखी नाही."

"बसते मी."

ती त्या उंच, एवढ्याशा सीटवर चढून बसली आणि धरायला काही नाही म्हणून तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवले. थांबायच्या आधी ती म्हणायची, "पाय!" आणि पाय खाली जायचा. दहा वेळा. शेवटच्या तीन वेळा ती बोललीच नाही, तरी गेला.

शनिवारी पहाटे साडेपाचला दोघंही हेल्मेट घालून निघाले. रितिका नुसती बसणार, बोलणार नाही, असं ठरलं होतं. कामठी रोड मोकळा होता, तरी सुशीलचे दात एकमेकांवर दाबलेले होते. पहिल्या सिग्नलला पाय टेकला. दुसऱ्याला टेकला. एका चौकात डावीकडे वळायचं होतं, तेव्हा त्याचा हात सवयीनं हँडल सोडून बाहेर निघाला, जसा तो भागीरथाच्या मागून वळण दाखवायचा. गाडी लचकली. रितिकानं खांदे घट्ट धरले, पण शब्द पाळला. सुशीलनं हात परत घेतला, इंडिकेटर दिला, मान वळवून मागे बघितलं, आणि स्वतःलाच म्हणाला, "जा." पूर्वी हे तो भागीरथाला म्हणायचा. मागचं बघायचं काम त्याचं होतं.

कळमन्याच्या गेटवर जिजाबाईची शेगडी पेटलेली होती. लाल गाडी आली, तिनं वर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हातातली गाळणी तशीच धरून ओरडली, "अरे बाप्पा! पार्सलच गाडी चालवून राहिलं!"

दोन हमाल वळून बघायला लागले. एकानं शिट्टी मारली. सुशीलनं गेटपाशी, रोजच्या जागी, ब्रेक दाबला. गाडी थांबली.

आरशात मागची सीट दिसत नव्हती. खांद्यावरचे हात गेले होते, पण गाडी हलकी झाली की नाही ते कळेना. पुढं निघावं की नाही, कळेना. भागीरथा याच जागी रोज, मान न वळवता, विचारायची. तेव्हा त्याला राग यायचा. उतरलो नाही तर काय लटकून राहीन, असं तो एकदा बोललाही होता.

"उतरली का?" त्यानं विचारलं.

"उतरले," मागून रितिकाचा आवाज आला. "एक तिकीट रद्द करते मी. जा तुम्ही. आत तोलाई सुरू झाली असेल."

सुशील लगेच गेला नाही. हमाल वाट बघत होते, जिजाबाई वाट बघत होती, आणि इंजिन त्याच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये थरथरत होतं. त्यानं मान वळवून मागची उंच सीट बघितली. रिकामी होती. मग खाली बघितलं. डावा पाय कधीचाच जमिनीवर होता.

त्यानं तो उचलला आणि गाडी आत घेतली.