बाबाच्या तव्यावरचं भूत

खोडाळ्याच्या जटाबाबाकडे गुरुवारी इतकी गर्दी उसळायची, की माझ्या जीपच्या टपावरही माणसं बसायची. प्रत्येकाच्या मांडीवर अंड्यांची टोपली. आमच्या पाड्यावर अंडी खात नसत, उबवायला ठेवत. त्यामुळे अंडं कसं खावं, ते बाबा सांगेल तेच खरं.

बाबा अंडं फोडून पांढरं वाटीत ओतायचा, पिवळं तव्यात. "पांढरा देव, पिवळं भूत," असं तो डोळे गरागरा फिरवत सांगायचा. देव रोग्याने कच्चाच प्यायचा, घरीही रोज सहा अंड्यांचा; घरचं भूत उकिरड्यात पुरायचं. भूत तव्यावर चरचरलं, की ते ओरडतंय असं सांगून बाबा सगळ्यांदेखत गिळून टाकायचा. भुताला कांदा-मिरची कशाला लागते, हे विचारायचं धाडस मात्र मलाही झालं नाही.

माझी भाची राही अशक्तपणावर इलाज म्हणून जायला लागली. चार महिन्यांत तिचे केस मुठीने गळायला लागले, तोंडाभोवती लाल चट्टे उठले. बाबा म्हणाला, भूत बाहेर पडतंय, अंडी वाढवा. वैशाखात तिचं लग्न ठरलेलं. पोरीला बाहेरचं लागलंय, अशी कुजबुज सासरच्या गावात सुरू झाली आणि लग्न मोडायची वेळ आली. तिला दर गुरुवारी नेणारा मीच होतो, याची आजही लाज वाटते.

पौषात अंगणवाडीच्या पुष्पाताईंनी राहीला पाहिलं आणि थेट मोखाड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रोज काय खातेस, एवढंच बाईंनी विचारलं आणि कपाळावर हात मारला.

"कच्च्या पांढऱ्यातला एक पदार्थ अन्नातलं बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून बसतो, अंगी लागू देत नाही," त्या म्हणाल्या. "केसांना, कातडीला तेच लागतं. अंडं शिजवलं, की ही पकड सुटते."

आणि अंड्यातलं बायोटिन असतं बहुतेक सगळं पिवळ्यात. म्हणजे बाबाच्या पोटात, नाहीतर उकिरड्यात.

पुढच्या गुरुवारी पुष्पाताई टोपली घेऊन माझ्याच जीपमध्ये बसल्या. भर गर्दीत त्यांनी बाबाला हात जोडले.

"बाबा, आता उलटं करू. भूत राहीला द्या, देव तुम्ही प्या. चारच महिनं."

बाबाने टोपलीकडे पाहिलं. कमरेपर्यंतच्या जटा कुरवाळत तो बोलून गेला, "येडी झाली काय? माझं केस जातील ना."

मग त्याचेच जुने रोगी ढवळूआजोबा उठले. त्यांच्या भुवयाही उरल्या नव्हत्या.

"म्हंजे तुला ठावं व्हतं," ते म्हणाले.

बाबा पळत येऊन माझ्या जीपमध्ये बसला. मी किल्ली खिशात टाकली आणि पानाच्या टपरीवर गेलो.

बाईंच्या गोळ्या, उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा, रताळी. वैशाखात राहीच्या डोक्यावर बोटभर केस होते. लग्नाच्या फोटोत तिने पदर मुद्दाम मागे सारला.

अंडं शिजवा आणि पिवळ्यासकट खा. तुमचं भूत गिळायला कोणी फुकट तयार झाला, तर आधी त्याच्या तव्यात डोकावा.